उकळलं म्हणजे निर्जंतुक झालं का?

एका वाचक महिलेचं पत्र, थोडक्यात: ती आणि तिचा नवरा, दोघंही चाळिशीच्या आसपासचे. काही काळापासून दोघं शरीरसुखासाठी स्टीलची उपकरणं वापरतात. जाड, गुळगुळीत आणि तळाशी रुंद असलेलं एक उपकरण ती वापरते. काही बारीक सळ्या नवरा स्वतःच्या मूत्रमार्गात वापरतो. वापर झाला की सगळं नळाखाली धुऊन, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून एकाच डब्यात जातं. पुढच्या वेळी वापरण्याआधी पाच मिनिटं उकळून घेतात. अलीकडे नवऱ्याला दोनदा लघवीला जळजळ झाली. दोन्ही वेळा घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊन त्याने वेळ मारून नेली. तिच्या मनाला मात्र धास्ती लागली आहे. तो म्हणतो, स्टीलवर जंतू टिकत नाहीत; शिवाय कितीतरी रुग्ण घरच्या घरी नुसती धुतलेली नळी घालून लघवी काढतात, त्यांना कुठे काय होतं? ती विचारते: धोका अजिबात उरणार नाही अशी निर्जंतुक करण्याची पक्की पद्धत कोणती? मी आग्रह धरला तर त्याला कमीपणा वाटेल का? आणि हे डॉक्टरांना सांगायचं तरी कसं?

नमस्कार,

आधी तातडीचं सांगते. नवऱ्याची जळजळ परत आली असेल किंवा पुरती गेलीच नसेल, तर बाकीचं नंतर वाचा. आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घ्या. उपचार पूर्ण होईपर्यंत त्या सळ्या बाजूला ठेवा. कल्चरसाठी लघवीचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचा असतो. उरलेल्या गोळ्या घेतल्या की त्रास दबतो, पण जंतू कोणता होता ते कळायची संधी जाते. अर्धवट डोसातून वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. पुढच्या खेपेला ताप चढला आणि नेहमीचं औषध चाललं नाही, तर अडचण मोठी होते.

आणि हे दोघांनीही पाठ करून ठेवा. थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, लघवीतून रक्ताच्या गाठी जाणं, वृषण सुजून दुखणं, ओटीपोटात किंवा कमरेत असह्य कळा, यातलं काहीही झालं तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालय गाठायचं. मूत्रमार्गातला संसर्ग रक्तात उतरला तर तासांचा हिशेब असतो. अशा वेळी लाजेपायी सकाळची वाट बघू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. मी बरीच वर्षं शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होते. उपकरणं धुणं, बांधणं, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी आपला वाटला, आणि तो तुम्ही विचारलात याचं बरंही वाटलं. ही उपकरणं वापरणारी जोडपी तुम्हाला वाटतात तितकी कमी नाहीत. पण ती साफ कशी करायची याबद्दल कुणी तोंड उघडत नाही आणि मग ज्याला जे सुचेल ते तो करतो.

‘धोका अजिबात उरणार नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे. तिथे मी तुम्हाला थोडं थांबवते. उपकरण पूर्ण निर्जंतुक करता येतं, पण वापर पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि लगतच्या आतल्या भागात निरोगी माणसाचेही जंतू असतातच. ते तिथे असतात तोवर काही बिघडत नाही, कारण प्रत्येक वेळी लघवी त्यांना बाहेर वाहून नेते. सळी मात्र त्यांना उलट दिशेने, आत ढकलते. म्हणजे रुग्णालयातून नुकती निघालेली, सीलबंद, शंभर टक्के निर्जंतुक सळी वापरली तरी हा धोका उरतोच. तो कमी करता येतो आणि कमी करायलाच हवा, पण त्याला शून्य म्हणून स्वतःची समजूत घालू नका.

नवऱ्याचं म्हणणं आहे की स्टीलवर जंतू टिकत नाहीत. तांब्याबद्दल तो हे म्हणाला असता तर मी मान डोलावली असती, कारण तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू खरंच मरतात. स्टेनलेस स्टीलमध्ये तो गुण नाही. स्टील गुळगुळीत असतं, उष्णता सोसतं, रसायनं शोषून घेत नाही, म्हणून ते साफ करायला सोपं. साफ मात्र आपल्यालाच करावं लागतं. हेपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस तग धरतो, मग तो डाग स्टीलवर का असेना.

दुसरा गैरसमज तुमच्या दोघांचाही आहे, आणि माझ्या मते मुळात गोंधळ तिथेच झाला आहे. तुम्ही तुमचं उपकरण आणि त्याच्या सळ्या एकाच पद्धतीने साफ करता आणि एकाच डब्यात ठेवता. पण वस्तू किती स्वच्छ हवी हे ती शरीरात कुठे जाते यावर ठरतं. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने उपकरणांची तीन गटांत विभागणी केली आणि आजही जगभरातली रुग्णालयं तीच धरून चालतात. जे उपकरण फक्त अखंड त्वचेला लागतं, त्याला साधी स्वच्छता पुरते. जे तोंड, योनीमार्ग, गुदद्वार अशा ओलसर अस्तराला लागतं, त्यावरचे बीजाणू सोडून बाकी सगळे जंतू मारावे लागतात. आणि शरीराच्या जंतुविरहित भागात जाणारं उपकरण पूर्ण निर्जंतुकच लागतं, बीजाणूंसकट. लघवीसाठी घालतात ती नळी रुग्णालयं या तिसऱ्या गटात धरतात. तुमचं उपकरण दुसऱ्या गटातलं आहे, त्याच्या सळ्या तिसऱ्या.

बीजाणूंचं थोडं सांगायला हवं, कारण पाच मिनिटांच्या उकळीची सगळी मेख तिथे आहे. काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती कठीण कवच तयार करून निपचित पडून राहतात. उकळत्या पाण्यात साधे जिवाणू, बहुतेक बुरशी, एचआयव्हीसारखे विषाणू मरतात. हे कवचबंद बीजाणू मात्र तासन् तास टिकू शकतात. त्यांना मारायला शंभर अंशांच्या वरची वाफ लागते आणि ती दाबाखालीच मिळते. दाबाखालच्या वाफेचं बंद भांडं फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँने 1679 मध्येच बनवलं होतं, आणि तेच तत्त्व धरून लुई पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलाँने 1879 मध्ये ऑटोक्लेव्ह तयार केला. आजच्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला, दर चौरस इंचाला साधारण 15 पौंड दाबाखाली, उघड्या उपकरणांना 20 मिनिटं आणि कापडात बांधलेल्यांना 30 मिनिटं देतात. हा वेळ तापमान 121 वर पोचल्यापासून मोजायचा असतो.

पण उष्णतेच्याही आधी धुणं येतं, आणि माझा सगळा जोर त्यावर आहे. वस्तूवर स्राव, रक्त किंवा वंगणाचा पातळ थर जरी उरला तरी त्याच्या आडोशाला जंतू वाचतात. उष्णता त्या थराला धातूवर शिजवून घट्ट चिकटवते, मग तो निघता निघत नाही. आमच्या विभागात नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट करून दाखवायची. वरून लखलखीत दिसणारं, दोन भाग फिरकीने जोडलेलं उपकरण घ्यायचं, फिरकी उघडायची आणि आट्यांमधून कापसाची काडी फिरवायची. काडी तपकिरी होऊन बाहेर यायची. त्यानंतर फिरकी न उघडता उपकरण ऑटोक्लेव्हला लावायची कुणाची हिंमत होत नसे.

तुमच्या सळ्यांना टोकाशी कडी, फिरकी, कोरलेली नक्षी किंवा आरपार भोक असेल, तर तिथे असंच पाहा. भोक असलेली सळी घरी नीट साफ होत नाही, ती सरळ टाकून द्या. मग कापसाचा एक पातळ पुंजका प्रत्येक सळीच्या पूर्ण लांबीवरून हलकेच ओढत न्या. कुठे एखादा तंतू अडकला तर तिथे चरा आहे किंवा कंगोरा आहे. डोळ्यांना न दिसणारा तो कंगोरा मूत्रमार्गाच्या नाजूक अस्तराला मात्र ओरखडा काढतो, आणि ओरखडा म्हणजे जंतूंना उघडं दार. अशी सळी बाद. मुलामा दिलेली, पोपडे सुटणारी, गंजाचे बारीक ठिपके पडलेली वस्तूही बाद. स्टील घेताना 316 या प्रतीचं घ्यावं. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे मीठ आणि क्लोरीनपुढे ते 304 पेक्षा जास्त टिकतं. धातूच्या कानातल्यांनी खाज सुटणाऱ्यांनी मात्र निकेलची अॅलर्जी लक्षात ठेवावी. स्टीलमध्ये निकेल असतं.

धुणं असं. वापर झाला की लगेच, स्राव सुकायच्या आत, आधी गार किंवा कोमट पाण्याखाली धरा. सुरुवातीलाच कढत पाणी ओतलं की प्रथिनं गोठून चिकटतात. मग बिनवासाचा सौम्य साबण आणि त्याच कामापुरता ठेवलेला मऊ ब्रश घेऊन पाण्याच्या आत बुडवूनच घासा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. तारेची घासणी, खरखरीत पावडर लावू नका, चरे त्यांनीच पडतात. वाहत्या पाण्यात साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा, स्वच्छ कपड्याने कोरडं करा आणि उजेडात फिरवून बघा. डाग दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. ब्रशही धुऊन, वाळवून ठेवायचा.

एवढं झालं की तुमच्या स्वतःच्या उपकरणाचं बरंचसं काम झालं. दुसऱ्या गटाचा रुग्णालयातला नियम एकाचं उपकरण दुसऱ्याला लागतं म्हणून असतो; तुमचं उपकरण फक्त तुम्हीच, फक्त योनीमार्गात वापरत असाल, तर दर वेळी साबणाने नीट धुऊन कोरडं ठेवणं पुरतं. उकळायचं कधी? दोघांत मिळून वापरलं तर, तुम्हाला पांढरं जाणं किंवा बुरशीचा संसर्ग झाला असेल तर, किंवा ते गुदद्वारात वापरलं असेल तर. गुदद्वारातून काढून तसंच योनीमार्गात कधीही न्यायचं नाही. दोन्हींसाठी दोन वेगळी उपकरणं ठेवलीत तर हा विसर पडायला जागाच राहत नाही. त्यावर निरोध चढवून वापरणं आणि प्रत्येक वेळी निरोध बदलणं हाही चांगला मार्ग आहे, मात्र तेलकट वंगणाने लॅटेक्सचा निरोध फाटतो.

उकळायचं म्हणजे 20 मिनिटं, तुमची पाच नव्हेत. पाणी खळखळून उकळायला लागल्यापासून घड्याळ लावायचं. वस्तू पूर्ण बुडालेली हवी आणि झाकण हवं. मध्येच दुसरी वस्तू टाकली तर वेळ पुन्हा शून्यापासून. उंच डोंगराळ भागात पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे वेळ वाढवा. धातू भांड्याच्या तळावर आपटून चरे पडू नयेत म्हणून खाली स्वच्छ फडकं घाला. वेळ झाली की आच बंद करा, पाणी ओतून द्या आणि वस्तू त्याच झाकलेल्या भांड्यात निवू द्या. बाहेर काढायचा चिमटा तिच्याबरोबरच उकळलेला असावा. आणि पूर्ण थंड झाल्याची खात्री केल्याशिवाय वापरू नका. जाड स्टील आतून बराच वेळ गरम राहतं आणि नाजूक जागी भाजलेलं दिवसेंदिवस छळतं.

याच ओघात अशाच प्रश्नाने अडलेल्या आणखी काही जणींना सांगते. योनीमार्ग आकसण्याच्या त्रासासाठी किंवा रेडिएशनच्या उपचारांनंतर डॉक्टरांनी डायलेटर, म्हणजे योनीमार्ग हळूहळू सैल करणाऱ्या गुळगुळीत दांड्या, वापरायला सांगितलेले असतात. तुम्ही स्वतःचा डायलेटर स्वतःच वापरता, तेव्हा साबण आणि पाणी पुरेसं आहे. धास्तीपोटी त्याला डेटॉल, सॅव्हलॉन, फिनेल काही चोळू नका. असल्या द्रवांचा अंश उरला की आधीच दुखऱ्या अस्तराची आग होते. मग संसर्ग झाला असं वाटून आणखी द्रव चोळला जातो आणि त्रास वाढत जातो.

आता त्या सळ्या. तिथे उकळणं पुरत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. स्पिरिटचा बोळा तर मुळीच नाही. सत्तर टक्क्यांचं स्पिरिट हातांना, त्वचेला चांगलं, पण ते बीजाणू मारत नाही, एचपीव्हीसारखे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेला विषाणू) काही विषाणूही त्याला पुरून उरू शकतात, आणि ओलं राहून आत गेलं तर भयंकर झोंबतं. ब्लीचने स्टीलला खड्डे पडतात. रुग्णालयात ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन वापरतात, पण त्यात निर्जंतुक व्हायला दहा तास लागतात, वाफा श्वासाला घातक असतात आणि नंतर निर्जंतुक पाण्यानेच धुवावं लागतं. ते घरात आणूच नका. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेने निर्जंतुक होतं, 160 अंशांना दोन तास किंवा 170 ला एक तास, पण घरगुती ओव्हनमध्ये एका कोपऱ्यात एक तापमान असतं तर दुसऱ्यात दुसरं. अतिनील प्रकाशाच्या डब्या जिथे प्रकाश पडतो तेवढ्याच भागावर काम करतात. मायक्रोवेव्हमध्ये धातू ठेवायचाच नाही.

राहिला प्रेशर कुकर. पुष्कळ जण तो वापरतात, आणि तत्त्वाने तो ऑटोक्लेव्हचा भाऊच आहे. करणारच असाल तर त्यासाठी वेगळा कुकर ठेवा, स्वयंपाकाचा घेऊ नका. तळाला भरपूर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर कापडाच्या दोन पदरांत सैलसर गुंडाळलेल्या सळ्या, पाण्याला न टेकता. झाकण लावल्यावर शिटी लगेच बसवू नका. सलग वाफ येऊ लागल्यावर ती काही मिनिटं मोकळी जाऊ द्या, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा उरली तर दाब दिसतो पण तापमान चढत नाही. मग शिटी बसवा, पूर्ण दाब आल्यापासून आच बेताची ठेवून 30 मिनिटं मोजा. शिट्या मोजून वेळ ठरवू नका. नंतर कुकर आपोआप थंड होऊ द्या, शिटी उचलून वाफ काढू नका.

पण या पद्धतीची मर्यादाही सांगते, कारण ती लपवली तर तुमची फसगत होईल. सगळ्या कुकरांचा दाब सारखा नसतो, बऱ्याच घरगुती कुकरांना दाब किंवा तापमान दाखवणारा काटा नसतो आणि आतली पुरचुंडी ओली निघते. रुग्णालयातला ऑटोक्लेव्ह शेवटी गठ्ठा वाळवतो, कुकर वाळवत नाही. ओल्या कापडातून जंतू आरपार आत शिरतात. आमच्याकडे गठ्ठ्यावर ओलसर डाग दिसला तर तो न उघडता पुन्हा धुवायला जायचा, त्यावर वाद नव्हता. म्हणून कुकरमधून काढलेली सळी डब्यात ठेवून आठवड्याने वापरली तर ती निर्जंतुक राहिलेली नसते. थंड झाली की तेव्हाच वापरायची, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा सगळं करायचं. आणि पुरचुंडी उघडल्यावर सळी चादरीला, मांडीला, मोबाईल धरलेल्या हाताला लागली की ती सळी त्या क्षणापासून निर्जंतुक नाही.

म्हणजे हात साबणाने धुतलेले, शक्यतर निर्जंतुक हातमोजे घातलेले हवेत. शिश्नाचं टोक आणि त्वचेची घडी साबणपाण्याने धुतलेली हवी. वंगण एकदाच वापरायच्या निर्जंतुक पुडीतलं, पाण्यात विरघळणारं हवं. अर्धी वापरलेली नळी, व्हॅसलीन, तेल, थुंकी यातलं काहीच चालत नाही. वंगणाची नळी पाच वेळा उघडून तिचं तोंड बोटाला लागलेलं असतं आणि मग अर्धा तास कुकरमध्ये ठेवलेल्या सळीला तेच वंगण फासलं जातं. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. सुन्न करणारी जेली वापरू नका. दुखणं हा तिथला एकमेव पहारेकरी आहे, तो झोपला तर आत इजा होतेय हे कळतच नाही. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. बाहेरच्या टोकाला रुंद अडसर नसेल तर सळी आत सरकून मूत्राशयात जाऊ शकते, आणि ती काढायला शस्त्रक्रिया लागू शकते. नंतर भरपूर पाणी पिऊन लघवी करायची.

घरी नळीने लघवी काढणाऱ्या रुग्णांबद्दल नवरा म्हणतो ते खोटं नाही. 1972 मध्ये अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की मूत्राशय आपोआप रिकामं न होणाऱ्या रुग्णांनी निर्जंतुक नव्हे, तर नुसत्या स्वच्छ नळीने वेळच्या वेळी लघवी काढली तरी चालतं. त्यातून असंख्य लोकांचं आयुष्य सोपं झालं. पण त्याचं कारण पाहा. तुंबलेली लघवी हाच तिथे मोठा धोका असतो, आणि नळीने मूत्राशय रिकामं झालं की जंतूही बाहेर पडतात. नळी मऊ असते, कशी घालायची ते नर्सने समोर बसून शिकवलेलं असतं. शिवाय अशा रुग्णांनाही लघवीचा संसर्ग होतोच, फायदा जास्त म्हणून तो पत्करलेला असतो. स्टीलची सळी काही रिकामं करत नाही, उलट अस्तर घासते. त्यामुळे तो दाखला इथे लागू पडत नाही. आणि दोनदा जळजळ झालेली असताना ‘काही होत नाही’ हे तरी कसं म्हणायचं?

माझं मत स्पष्ट सांगते. डॉक्टरांनी उपचार म्हणून सांगितल्याशिवाय मूत्रमार्गात काहीही घालू नये असंच मला वाटतं. तिथल्या ओरखड्यांचे वण आकसून मार्ग अरुंद होतो, आणि तो त्रास वर्षानुवर्षं पिच्छा पुरवतो. मधुमेह, कमी झालेली प्रतिकारशक्ती, हृदयाची कृत्रिम झडप, रक्त पातळ करणारी औषधं यातलं काही असेल तर यावर चर्चाच नको. यापैकी काही नसेल आणि तो थांबायला तयारच नसेल, तर स्वच्छतेची साखळी वर लिहिल्याप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळायची. पण तेही आता लगेच नाही. तपासणी होऊन मूत्रमार्गाला इजा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात मला एक गृहीतक दिसलं. आग्रह धरणं म्हणजे त्याच्या आवडीला नावं ठेवणं, असं तुम्ही मनाशी धरलं आहे. मला तसं वाटत नाही. त्याच्या आवडीबद्दल तुमच्या पत्रात तिरस्काराचा एक शब्द नाही, फक्त काळजी आहे. तीच त्याला सांगा. पण शय्येवर, ऐन वेळी हा विषय काढू नका; तेव्हा तो नकारासारखाच ऐकू येतो. दिवसा, निवांत वेळी बोला. ‘हे चुकीचं आहे’ ऐवजी ‘तुला दोनदा त्रास झाला आणि मला झोप लागत नाही’ असं म्हणा. आणि हा प्रश्न एकट्या त्याचा नाही, हेही सांगा. त्याला संसर्ग असेल तर संबंधांतून तो तुमच्यापर्यंत येऊ शकतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. तपासणीचा निकाल येईपर्यंत निरोध वापरा किंवा थांबा, आणि डॉक्टरांनी सुचवलं तर गनोरिया, क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांच्या तपासण्या दोघांनीही करून घ्या. यात संशयाचा प्रश्न नाही. जळजळीची कारणं अनेक असतात आणि औषध कारणाप्रमाणे बदलतं.

डॉक्टरांना काय सांगायचं? मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा आणि नवऱ्याने खुर्चीत बसल्या बसल्या, प्रस्तावना न करता एवढंच म्हणावं: “मूत्रमार्गात स्टीलची सळी घातली होती. त्यानंतर दोनदा जळजळ झाली. दोन्ही वेळा या गोळ्या घेतल्या.” गोळ्यांचं रिकामं पाकीट बरोबर न्यावं. बोलवत नसेल तर हीच तीन वाक्यं कागदावर लिहून पुढे सरकवावीत. मूत्ररोगतज्ज्ञांनी असे रुग्ण पाहिलेले असतात, त्यांना धक्का बसत नाही. त्यांना अडचण होते ती माहिती दडवल्यामुळे, कारण मग ते भलत्याच दिशेने कारण शोधत बसतात. एखाद्या डॉक्टरने उपदेश सुरू केलाच, तर दुसरा डॉक्टर शोधायचा हक्क तुम्हाला आहे, पण पहिल्या अनुभवाने खचून तपासणीच सोडून देऊ नका.

तुमच्या त्या एका डब्याचं आजच काहीतरी करा. तुमचं उपकरण धुऊन, कोरडं करून वेगळ्या स्वच्छ सुती पिशवीत ठेवा. सळ्या बाहेर काढा, कापसाचा पुंजका फिरवून पाहा, ज्या अडतील त्या कागदात गुंडाळून टाकून द्या. डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवा आणि त्यात पुन्हा दोन्ही एकत्र ठेवू नका. आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांकडे जाताना त्याही पिशवीत घालून न्या.